सांधा फुगला म्हणून

अण्णांचं अर्धं आयुष्य उकिडवं बसून गेलं. गुलाबाचं कलम उभ्याने होत नाही. जंगली गुलाबाचा खुंट जमिनीलगत चिरायचा, सालीखाली चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला अंकुर, सरकवायचा, वर पट्टी गुंडाळायची आणि बसल्या बसल्याच पुढच्या खुंटाकडे सरकायचं. बायको होती तोवर म्हणायची, लग्नानंतर बरेच दिवस मला यांची उंचीच कळली नव्हती.

रोपवाटिकेत गुलाब पुष्कळ होते, पण लोक यायचे ते एका जांभळट फुलासाठी. एका जुन्या झाडाला मागे कधीतरी वेगळ्याच रंगाची फांदी फुटली आणि अण्णांनी ती जात डोळ्यांत तेल घालून वाढवली. शेजारच्या रोपवाल्या दादाने तिची एक काडी अनेकदा मागितली होती. अण्णा म्हणत, वास घे, तो फुकट आहे. विकलेल्या एखाद्या रोपावरून डोळे काढणं दादाला अवघड नव्हतं, पण तोही हट्टी. अण्णांनी हाताने दिलं तरच लावीन, म्हणायचा.

कलम करणाऱ्या माणसाला फुगलेला सांधा दिसला की बरं वाटतं. डोळा खुंटाने धरला, असा त्याचा अर्थ. त्यामुळे त्या जांभळट जातीच्या काही रोपांच्या बुडाशी अक्रोडाएवढ्या गाठी दिसल्या तेव्हा अण्णा खूश झाले. त्यांनी नेमकी तीच रोपं पुढच्या कलमांसाठी राखली, त्यांचेच डोळे काढले, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना चाकू नेहमीसारखा मांडीवर पुसला.

पुढे रोपं खुरटली. गिऱ्हाइकं कुंड्या घेऊन परत येऊ लागली. एकजण म्हणाला, अण्णा, तुमच्या गुलाबाला गलगंड झालाय, याला पथ्य काय? अण्णा हसले खरे, पण त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला बोलावून झाडं दाखवली. ती वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने गाठ नखाने उकरली. मग हात धुऊन आली आणि सांगू लागली.

मातीतला एक जिवाणू होता. चिरलेल्या जागेतून तो झाडात शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. मग झाड आपण होऊन गाठ वाढवत बसतं आणि त्या जिवाणूला पोसत राहतं.

"गाठ कापून टाकू," अण्णा म्हणाले.

"कापून भागत नाही, अण्णा. तो मेला तरी त्याचा हुकूम आत राहतो."

तुला एवढं कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं. तिने जरा चाचरत सांगितलं की प्रयोगशाळेत तोच जिवाणू ती रोज वाढवते.

अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे इथे साप डसतोय आणि तिथे तू त्याला दूध पाजतेस."

"विषाचा दात काढून पाजते," ती म्हणाली. "गाठ करणारा तुकडा आम्ही काढून टाकतो. त्याच्या जागी कामाचा गुण ठेवतो, रोगाला दाद न देण्याचा म्हणा. तो पेशीत नेऊन पोचवायचं काम हाच करतो. झाडाच्या आत शिरायची त्याच्याइतकी हातोटी दुसऱ्या कुणाला नाही. काम झालं की औषधाने त्याला मारतो."

अण्णांना ते पटलं नाही. त्यांनी गाठी कापल्या, जखमांना लेप लावला. गाठी पुन्हा आल्या. सुनेचा एक शब्द मात्र मनातून जाईना. चिरलेल्या जागेतून. या बागेत चिरणारा दुसरा कोण होता? ती एका शब्दाने तसं म्हणाली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं.

शेवटी त्यांनीच विचारलं, ही जात आता संपली का?

सून म्हणाली, फांदीचं अगदी टोक रोगापासून बरेचदा सुटलेलं असतं. तेवढंच कापून, बाटलीत, जिवाणू मारणाऱ्या त्याच औषधावर वाढवून पाहता येईल. खात्री मात्र देता येणार नाही.

तिने टोकं नेली. त्यानंतर अण्णांनी जांभळट गुलाबाचं एकूणएक झाड मुळासकट उपटलं आणि जाळलं. मुलगा मदतीला आला तर त्याला लांब बसवलं. धूर डोळ्यांत जातोय, असं ते मुलाला दोनदा म्हणाले. वारा उलट दिशेला होता.

बहुतेक बाटल्या गढूळ झाल्या, म्हणजे त्या टोकांतही जिवाणू होताच. एक स्वच्छ राहिली. तिच्यातलं रोप मुळं धरून छोट्या कुंडीत आलं, अनेक तपासण्यांतून गेलं, आणि सुनेने ते घरी आणायचं ठरवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "इथे नको. ही माती बाटलेली आहे. दादाकडे ने."

"तुमच्या हातचं हवंय त्यांना."

"माझ्या हाताला नको लावूस ते. मी बरोबर येतो."

दादाच्या फाटकाशी अण्णा रस्त्यावरच थांबले. सून कुंडी घेऊन आत गेली. दादा लगबगीने बाहेर आला, आत चला म्हणून आग्रह करू लागला. अण्णांनी आपल्या चपलांकडे बोट दाखवलं. याच मातीने घात केलाय, म्हणाले, तुझ्या आवारात नको. मग काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, मांडीवर चाकू पुसण्यासकट. दादाला थट्टा करायची खोड होती. पण त्याने एवढंच विचारलं, "याचे डोळे काढू का, अण्णा?"

"काढ. भरपूर काढ. ज्याला हवी त्याला काडी दे."

दादाने मान हलवली. अण्णांनी सुनेला घरी जायला सांगितलं. कोपऱ्यावर ठेवलेलं पोतं आणि कुदळ त्यांनी उचलली. पुढच्या गल्लीत एका शिक्षिकेच्या अंगणात त्यांनी विकलेला गुलाब होता, आणि तो का उपटायचा हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.