घुंगट्यावरची मासोळी

पुसदच्या एस.टी. स्टँडवर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, पारदर्शक कागदांची गुंडाळी आणि आठ दिवसांची मुदत होती. एकसष्ट सालची होळी नुकतीच झाली होती. मुंबईच्या एका कापडगिरणीत मी छापील पातळांसाठी नक्षी काढत असे. त्या खात्यात बाई अशी मी एकटीच. दिवाळीच्या पातळांची नक्षी होळीच्या सुमारास ठरते. वेलीबुट्ट्यांना गिऱ्हाईक कंटाळलं होतं, म्हणून साहेबांनी मला बंजारा भरतकाम उतरवून आणायला धाडलं. निघताना म्हणाले, "रिकाम्या हातानं आलात तर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल." अकोल्यापर्यंत आगगाडीत आणि पुढं वाशीमवरून धुरळा खात येताना ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

पुसदच्या एका कापडदुकानदाराशी गिरणीचा व्यवहार होता. त्यानं एका बंजारा तांड्याच्या, बाजाराला आलेल्या नायकाशी गाठ घालून दिली. पांढऱ्या मिशांचा नायक माझ्याकडं बघत म्हणाला, "परवा माह्या पोरीचं लगन आहे. घरात गडबड आहे. पण कपडेच पाहाचे असतील, तर लगनाइतके कपडे तुले कधी दिसतील?"

त्याच्या छकड्यातून दोन तास उमरखेडच्या बाजूला गेलो. दोन्हीकडं कपाशी उपटलेली रानं आणि मधूनच लाल पेटलेला पळस. तांडा टेकडीच्या कुशीत होता. नायकाची बायको सोमली दारात उभी होती. तिला सगळे याडी (आई) म्हणत, मीही म्हणू लागले. तिचा फेटिया (घेरदार घागरा), काचळी (उघड्या पाठीची चोळी) आणि त्यावरचे आरसे, कवड्या बघून माझी नजर ठरेना. तिनं ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि लसणाची चटणी पुढं ठेवली आणि जेवण होताच आपले जुने कपडे माझ्यापुढं ओतले.

"घे काढून. किती पाह्यजे तितके घे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी चौदा नमुने उतरवले. सुंदर होते, पण साहेब खूश होऊन टेबलावर मूठ आपटतील असं त्यांत काही नव्हतं. मग नवरीनं, जमनीनं, मला तिचा घुंगटो (डोक्यावरून घ्यायची भरतकामाची ओढणी) दाखवला. लाल कापड, पिवळा काठ आणि मध्यभागी चौकटीत चौकट अशी गुंफण, की कुठून सुरू झाली ते कळू नये. मी कागद काढला तशी याडीनं माझा हात धरला.

"हे नको, बाई. तीन सालं मी हे इच्यासाठी भरून राह्यली. कोणाचं पाहून नाही केलं. उद्या इच्या डोक्शावर लोक पह्यल्यांदा पाहातीन."

"बरं," मी म्हणाले.

तासाभरानं सगळ्या बायका पाणी आणायला विहिरीवर गेल्या. घरात मी आणि पेटीवर घडी घातलेला घुंगटो. साहेबांचं वाक्य पुन्हा आठवलं. मग उठले आणि घडी उलगडून कागद वर पसरला.

पेन्सिल भराभर चालत होती. बाहेर पाऊल वाजलं की मी कागद उचलून दाराकडं बघे. चौकट पुरी झाली. दोऱ्यांचे रंग टिपून घ्यावेत म्हणून पिशवीतलं पेन उघडलं, आणि उन्हानं तापलेल्या त्या पेनातून शाईचा एक मोठा थेंब कागदाच्या कडेवरून घरंगळत थेट पिवळ्या काठावर गेला. रुमालानं टिपायला गेले तर डाग लांबला. चांगला बोटभर, निळा.

दारात जमनी उभी होती. डोक्यावर पाण्याची घागर तशीच. तिनं आधी डाग पाहिला, मग कागद. घागर खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"उद्या सासरच्या बाया हात लावू लावू पाहातीन," ती म्हणाली. "मी काय सांगू त्याईले?"

मला निघून जाता आलं असतं. खालच्या रस्त्यावरून संध्याकाळची एस.टी. जायची. पण मी घुंगटो हातात घेऊन तिथंच थांबले. याडी आली तेव्हा मीच कागद आणि घुंगटो तिच्यापुढं धरला. "मी चोरून उतरवत होते, याडी. शाई सांडली."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. बायकांचा गलका उठला. बाहेरून नायकाचा आवाज आला, "काय झालं?" याडीनं घुंगटो उजेडात धरला. डागावरून एकदा अंगठा फिरवला.

"तुले सुई चालवता येते?"

"थोडी."

"डाग तुहा, तर टाकेही तूच घाल. तुह्या गावात बाया काय काढते?"

आमचं गाव अलिबागजवळचं. आई उंबऱ्यापाशी रांगोळीत मासोळी काढायची. डागही तसाच लांबट होता. मी पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली आणि निळा दोरा ओवला. याडी शेजारी बसून एकेक टाका बघत होती. सैल पडला की उसवायची. बोटं सोलली. उन्हं कलली तेव्हा मासोळी पुरी झाली. डोळ्याच्या जागी याडीनं स्वतः टिकलीएवढा आरसा बसवला. मी कागद जमनीच्या हातात दिला. तिनं तो चुलीत घातला.

सकाळी वऱ्हाड आलं. सासरच्या बायका नवरीभोवती बसल्या. एका म्हातारीनं काठ बोटांवरून सरकवत नेला आणि मासोळीवर थांबली.

"हे काय वो? आपल्यात मासोळी कधीपासून?"

जमनीची मान खाली. आता याडी माझ्याकडं बोट दाखवणार.

"मुंबईची फॅशन आहे, ह्या सालची," याडी शांतपणे म्हणाली. "थ्या बाईले खास बोलावून काढून घेतली."

म्हातारीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग दुसरी पुढं सरकली, तिच्या मागून तिसरी. थोड्या वेळानं तिघीजणी ओढण्यांचे काठ पुढं करून माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि मी त्यांवर पेन्सिलीनं मासोळ्या काढत होते. जमनीनं घुंगट्याआडून माझ्याकडं पाहिलं आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

निघताना याडीनं छकड्यापाशी मला भाकरी बांधून दिल्या. मी वाकले तर म्हणाली, "मागितलं असतं तं लगनानंतर दिलं असतं मी. चोरलं काहून?" मी भाकरी पेटीवर ठेवून छकड्यात चढले. परतीच्या वाटेवर जागेची काळजी सोबत होतीच, पण त्या प्रश्नापुढं ती लहान वाटू लागली होती.

मुंबईत साहेबांनी चौदा नमुने पुन्हापुन्हा चाळले. तीन वेगळे ठेवले.

"ठीक आहेत. पण तिथं पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम हेच का?"

"नाही. ते मी आणलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"ते ज्या मुलीसाठी केलं होतं," मी म्हणाले, "ती ते डोक्यावर घेऊन सासरी गेली."