वॉश युवरसेल्व्ह्ज

१९५४ साली अल्लीपूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं आणि ते टिकाराम मडावी मास्तरांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं गाव म्हणायचं. मास्तरांना मात्र तो हार वाटत होता. त्यांच्या घरात याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि आता त्यांच्या तोंडून साहेबांची भाषा निघत होती! नोकरी तेवढी तात्पुरती होती. डिप्टीसाहेब तपासणीला येणार, इंग्रजीचा पाठ बघणार आणि पसंत पडला तरच मास्तर कायम होणार, असं ठरलं होतं.

पण एका धड्याने मास्तरांची मती गुंग केली. 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज.' जत्रेत मजा आली, एवढं सांगायला हे 'आम्ही आम्हालाच' कशाला? मजा काय कुणी स्वतःला देतं? पुढे 'दे हिड देमसेल्व्ह्ज'. आपल्याकडे माणूस सरळ लपतो. इंग्रजीत आधी स्वतःला धरतो आणि मग लपवतो! मास्तरांनी डोकं खाजवून खाजवून केस विस्कटले, पण काही उमगेना.

शेवटी त्यांनी कृतीनेच शिकवायचं ठरवलं. 'वॉश युवरसेल्व्ह्ज' म्हटलं की पोरांनी जागेवरच आपापले कोरडे हात चोळायचे. पोरं झकास चोळायची.

प्रभाकरराव डिप्टी आले, पाठ पाहून खूश झाले, आणि तिथेच घात झाला. म्हणाले, "कोरडं काय दाखवता मास्तर? विहिरीवर चला."

विहिरीवर बादल्या भरल्या, लोटे आले. मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "वॉश युवरसेल्व्ह्ज!" पोरांनी लोटे उचलले आणि पटापट जोड्या केल्या. एकाने पाणी घालायचं, दुसऱ्याने हात धुवायचे. खरं पाणी हाती आलं की त्यांना दुसरं सुचणार तरी काय? शेतातून माणूस घरी आलं, पाहुणा आला, की त्याच्या हातापायांवर पाणी घालायला कुणीतरी उठायचंच, हे ती पोरं चालायला लागल्यापासून बघत होती.

"हे एकमेकांचं झालं," साहेब म्हणाले. "ज्याचं त्याने कुठे केलं?"

मास्तरांचं धाबं दणाणलं. त्यांनी पुढच्या पोराला विचारलं, "नत्थू, तुहे हात कोन धुऊन राह्यलं?"

"मीच, गुरुजी."

"अन् पानी?"

"पानी तर हा घालून राह्यला ना!"

यात नत्थूचं चुकलं कुठे, हे मास्तरांनाच कळेना.

"पुन्हा!" साहेब म्हणाले. पोरांना वाटलं, आपण सावकाश केलं. त्यांनी दुप्पट जोराने एकमेकांच्या हातांवर पाणी ओतलं. कमला नावाची पोरगी तर भरला लोटा घेऊन साहेबांपुढेच उभी राहिली, आणि साहेबांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. धुऊन झाल्यावर ते ओल्या हातांकडे बघत राहिले. मग रुमाल काढून म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत येतो. तोवर यांची ही सवय मोडा. नोकरीचं तेव्हा बघू."

मास्तर घरी निघाले ते डोक्यात भुंगा घेऊनच. पोरांची सवय मोडायची तर आधी आपली मोडायला हवी, असं त्यांनी वाटेत ठरवलं. अंगणात त्यांची बायको पंचफुला लोटा घेऊन आली.

"दे इकडं," मास्तर म्हणाले. "आज माह्या हातानंच घेतो."

लोटा तिरपा झाला, अर्धं पाणी धोतरावर गेलं. पंचफुलाला आधी थट्टाच वाटली. मग तिचा चेहरा उतरला.

"काऊन? मी मेली का?"

नोकरीचं सांगावं तर मास्तरांची जीभ रेटेना. तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी लोटा तिच्या हातात दिला. पंचफुला रागारागाने पाणी ओतू लागली, आणि दोन्ही पाय पुढे करून उभे असलेले मास्तर विचार करत राहिले, की पाचवीतल्या पोरांना हे सोडा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं.