सातबारा माझ्या नावाचा

त्या रविवारी सकाळी मी खारी चहाऐवजी शेजारच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि तशीच खाल्ली. बायकोनं बघितलं आणि चहा माझ्यापुढे सरकवला. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं याहून वाईट बघितलंय.

दोष टीव्हीवरच्या हिंदी पिक्चरचा होता. पोलीस विरुद्ध नशेचे व्यापारी. आधी मी पाय वर घेऊन मजेत बघत होतो. मग पोलिसांनी एका शेतावर छापा घातला, पिकात लपवलेली गांजाची झाडं उपटली आणि साहेबानं विचारलं, "जमीन किसके नाम पर है?" जमीन निघाली शहरात नोकरी करणाऱ्या एका चष्मेवाल्याची. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला बनियनवरच जीपमध्ये कोंबलं. मीही तेव्हा बनियनवरच होतो.

आष्टीजवळ आमची चार एकर तूर आहे. सातबारा माझ्या नावाचा. शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं करणारे काका वडिलांच्या वेळेपासूनचे. मी जालन्यात कारकुनी करतो आणि शेतात वर्षातून एकदा, चप्पल हातात घेऊन जातो. त्यातच आठवड्यापूर्वी पेपरात आलं होतं, तुरीत गांजा सापडला, शेतमालकासह दोघे ताब्यात. तेव्हा मी ते वाचून पान उलटलं होतं. आता 'शेतमालकासह' एवढाच शब्द डोळ्यांपुढे नाचायला लागला.

काकांना फोन लावला. "तुरीत काय काय लावलंय काका?"

"नेहमीचंच की दादा. अन् धुऱ्याला तुमच्या घरापुरतं लावलंय. लई जोरात आलंय. मी बाजारला चाललो, तुमी या अन् घेऊन जा."

काय लावलंय हे विचारायची हिंमत झाली नाही. असलं फोनवर विचारत नसतात, हे मी तासाभरापूर्वीच शिकलो होतो. बायकोला "ऑफिसचं काम निघालं" म्हणालो आणि गाडी काढली.

शेतात चिटपाखरू नव्हतं. धुऱ्यावर, तुरीच्या कडेच्या बांधावर, छातीइतकी उंच झाडं उभी होती. पानं हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कडा करवतीच्या. पिक्चरमध्ये जे पान पडदाभर दाखवलं होतं, अगदी हेच. ज्यांच्या खांद्यावर बसून मी बैलपोळा बघितला, ते काका!

मी झाडं उपटायला लागलो. मुळासकट, मागं पुरावा नको म्हणून. थोड्या वेळानं तळहात चुरचुरायला लागले, खाज सुटली. मला वाटलं, नशा चढतेय. तरी चाळीस-पन्नास झाडं मोडून डिक्कीत कोंबली, वर पोतं टाकलं. जाळावीत तर धूर गावभर. कुठं फेकावीत तर जिथं थांबावं तिथं शेळ्या, आणि शेळ्यांमागं माणसं.

जालना जवळ आलं आणि समोर नाकाबंदी. मागं फिरलो असतो तर संशय आला असता. काच खाली केली.

"डिक्की उघडा भाऊ."

उघडली. पोलिसानं पोतं बाजूला केलं. माझ्या डोळ्यांपुढे मुलीचं कॉलेज, माझी नोकरी, बायकोचं माहेर असं सगळं एकदमच येऊन उभं राहिलं. त्यानं एक पान तोडलं, निरखलं आणि सरळ तोंडात टाकून चावलं.

"मस्त आंबट हाय. पण एवढी अंबाडी कशाला? लग्नकार्य हाय का घरी?"

अंबाडी. दरसाल काका पाठवतात आणि मी लसणाची फोडणी दिलेली तिची भाजी भाकरीबरोबर दोनदा मागून खातो, ती. ताटातली ओळखतो, अशी काटेरी देठांची, उभी कधी बघितलीच नव्हती. मी त्या पोलिसाला एक पेंढी दिली.

घरी पोचतो तोच काकांचा फोन. आवाज रडवेला. "दादा, घात झाला बघा. धुऱ्यावरची समदी अंबाडी कुनी तरी उपटून नेली. तुमच्यासाठी राखल्ती हो. पोलिसात सांगू का?"

"नको, नको! काका, मीच नेली. भाजीला."

"मुळासकट?"

"घाईत होतो."

मग काका म्हणाले, "बरं. मला वाटलं चोर आल्ता. बियाला बी ठेवली न्हाई म्हना की." आणि फोन ठेवला.

बायको डिक्कीतली अंबाडी घेऊन सुपात पानं खुडत बसली होती. तिला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काकांवर संशय घेतला तेसुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे काकांना कधी सांगू नका," ती म्हणाली. "ते हसतील. पण पुढच्या सालापासून आपल्यासाठी धुऱ्याला काही लावायचे नाहीत."