बोंबील, गुडघा आणि गोराईची वाट

माझ्या आईला अट घालू नये, हे मला पन्नाशीत तरी कळायला हवं होतं.

आईचं माहेर मालवणकडचं. माघात देवीची जत्रा असते आणि देऊळ टेकडीवर. त्या दिवशी माहेरवाशिणींनी अनवाणी पायऱ्या चढून देवीची ओटी भरायची, आणि प्रत्येक घरातली थोरली माहेरवाशीण पहिली. मामाच्या घरातली थोरली म्हणजे माझी आई. गुडघा बदलला तेव्हापासून तिच्या जत्रा चुकल्या होत्या. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामाचा फोन आला. "अक्का, तू आता खालसूनच हात जोड. तुझी ओटी माझा चेडू भरतला." चेडू म्हणजे त्याची मुलगी.

आईने फोन ठेवला. त्या दिवशी मुंबईत आमच्या नाहूरच्या घरात कढीत दोनदा मीठ पडलं आणि तरी सगळ्यांनी ती संपवली. जेवणं झाल्यावर ती मला म्हणाली, "माका गावचा तिकीट काढून दी."

मी साफ नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले होते चाला, पण सपाटीवर. टेकडीचं कोण बोललं होतं? मध्येच गुडघा अडला तर एवढ्या गर्दीत तिला खाली आणायची कशी? पण आई ऐकतेय कसली! शेवटी चिडून मी बोलून गेले, "मनोरीहून गोराईच्या जेट्टीपर्यंत चालून दाखव. रिक्षा न करता. लगेच तिकीट काढते."

मला वाटलं, गप्प बसेल. ती म्हणाली, "कधी जावया?"

मनोरी ते गोराई किनाऱ्याने चालायचं वेड मला माझ्या मैत्रिणीने लावलं. अंधेरीला एका ऑफिसात आम्ही शेजारी बसतो. ती राहते दिंडोशीला, माहेर जालन्याचं. लहानपणी तिने समुद्र फक्त पुस्तकात बघितला होता आणि आता रविवारी त्याच्याशिवाय तिला करमत नाही. आमच्या पिढ्यान् पिढ्या समुद्राकाठच्या, आणि भरती-ओहोटी मला ही जालन्याची बाई शिकवते! तिला आईचं सांगितलं तर म्हणाली, "झकास! काकूंना मी नेते. तू मागे राहा आणि तोंड बंद ठेव."

आई आठवडाभर आमच्या कॉलनीत फेऱ्या मारत होती. मग जानेवारीतल्या एका रविवारी निघालो. नाहूरहून मार्वेला जायचं म्हणजे अख्खी मुंबई आडवी कापायची. मार्वेला लाँचमध्ये बसलो आणि पलीकडे मनोरीला उतरलो, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. मैत्रिणीने ओहोटीची वेळ बघून ठेवली होती. ओली, घट्ट वाळू, पायाला त्रास नाही. सगळं कसं व्यवस्थित ठरवलेलं.

आणि मग जेट्टीवर एक कोळीण पाटी घेऊन बसलेली दिसली.

पाटीत ओले बोंबील होते. नुसते चमकत होते. मी आईचा दंड धरला. "बघू पण नकोस. परत कधीतरी घेऊ." कोळीण म्हणाली, "ताजं हाय गो, घे." झालं! कोकणातल्या बाईला ताजे बोंबील दाखवायचे आणि घेऊ नको म्हणायचं? मी पाण्याची बाटली पिशवीत टाकेपर्यंत बोंबील आईच्या पिशवीत गेले होते.

आता, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोंबलासारखा नाजूक मासा दुसरा नाही. उन्हात ठेवला की बघता बघता लगदा. आणि ही बाई सगळी वाट चालायच्या आधी, बर्फाशिवाय, ते विकत घेऊन बसली होती. मी भडकले. "आई, डोकं ठिकाणावर आहे का? आता रिक्षा करावी लागेल, नाहीतर हे फुकट जाणार!"

"रिक्षा केली तर तिकीट?"

"तिकीट विसर."

आईने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग साडीचा पदर खोचला. "बोंबील पण खातलंय आणि तिकीट पण तुका काढूक लावतलंय. चल गो!"

आणि ती निघाली की! खरंच सांगते, गुडघा बदलल्यापासून मी तिला अशी चालताना बघितलं नव्हतं. गावातल्या गल्लीतून, क्रूसाला घातलेल्या झेंडूच्या माळा, अंगणात वाळणारं सुकट, कशाकडेही न बघता ती किनाऱ्याला लागली. मैत्रीण तिच्या बाजूला, मी मागे धापा टाकत. मैत्रिणीने एका विहिरीवर आपली ओढणी भिजवून पिशवीला गुंडाळली. "नवी होती ना यार," ती मला हळूच म्हणाली, पण हसत होती.

मनोरीचा किनारा संपतो तिथे खडक आहेत. तिथून माडांमधून टेकाडावर वाट चढते आणि पलीकडे गोराईच्या वाळूवर उतरते. चढ काही मोठा नाही, पण आई पायथ्याशी थांबली. हात गुडघ्यावर. मी पळत तिच्याजवळ गेले. मीच ही अट घातली होती. मी म्हटलं, "पुरे आई. मी हरले. तिकीट काढते, आता रिक्षा बोलावू."

"तसा दिलेला तिकीट नको माका," ती म्हणाली. "ह्या चडूक जमला नाय तर देवीच्या पायऱ्यो काय चडतलंय?"

तेवढ्यात मैत्रिणीने पिशवीत नाक घातलं. "काकू, वास बदलायला लागलाय हं."

"खंय बदललो?" आईने पिशवी ओढून घेतली, हुंगली, आणि तणतणत चढायला लागली. "जालन्याक काय कळता बोंबलातला! अजून ताजे आसत!" तिचं सगळं लक्ष बोंबलांच्या इभ्रतीकडे. वर पोचलो तेव्हा तिलाच पत्ता नव्हता. समोर गोराईची लांबलचक वाळू, डाव्या हाताला समुद्र, आणि वारा असा की आईची साडी फडफडायला लागली. ती उभी राहिली. मग मोठ्याने हसली. इतकी हसली की मला पण आवरेना. मैत्रीण म्हणाली, "वास-बिस काही नव्हता बरं का." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

पुढे गोराईचा किनारा, गाव, मिठागरांच्या कडेचा जेट्टीचा रस्ता. रिक्षावाले हाका मारत होते, "मावशी, जेट्टी, जेट्टी!" आई त्यांना हात हलवून टाटा करत होती. पार राणीसारखी.

जेट्टीवरून लाँचने पलीकडे बोरिवलीला उतरलो. तिथून नाहूरपर्यंत बोंबील टिकणं शक्य नव्हतं, म्हणून दिंडोशीला मैत्रिणीकडे गेलो. आईने तिच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. तळाचे दोन मऊ पडले होते, ते खालच्या मांजरांना गेले. बाकीचे चिरून, दाबून पाणी काढून, रव्यात घोळवून तळले. मैत्रिणीने पहिला तुकडा खाल्ला आणि तव्याजवळून हललीच नाही. मी तिथेच बसून तिकीट काढलं. तिघींचं.

माघात जत्रेला गेलो. आई अनवाणी, मी तिच्या मागे, मैत्रीण माझ्या मागे. अर्ध्या पायऱ्यांवर आई थांबली. हात गुडघ्यावर. बायका बाजूने पुढे जात होत्या. ती खाली वाकली आणि मला वाटलं, आता बसणार. मी तिच्या कानाशी वाकले.

"आये, बोंबील नासतले."

आईला देवळाच्या पायऱ्यांवर असं हसू फुटलं की चार बायका वळून बघायला लागल्या. हसत हसतच ती चढली. मी मागे रडत होते, हसत होते, काय करत होते मला सांगता यायचं नाही.

वर मामा ओटीचं ताट धरून उभा होता. त्याची मुलगी बाजूला, हात रिकामे. ताट त्याने तिला दिलंच नव्हतं.

"येतलंस म्हणान माका म्हायत होता," मामा म्हणाला.

"मगे फोनार तसा कित्याक बोललंस?"

"चिडल्याशिवाय तू घराच्या भायर पडतंस खंय, अक्का?"

आईने डोळे वटारले, पण त्यात पाणी होतं. तिने मामाच्या हातातून ताट घेतलं आणि आमच्या सगळ्यांच्या आधी आत गेली.