बोटभर शेपूट

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, तेव्हा मी पिंगळीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नवी बी.एस्सी., नवी नोकरी. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचो. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाळाच्या पाठीला, माकडहाडाच्या जरा वर, बोटभर मऊ शेपूट होती.

मुलगा असता तर मारुतीचा प्रसाद म्हणून मिरवला असता. मुलगी म्हटल्यावर दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला आत बोलावलं.

"सर, तुमी सायन्स शिकवायलाव. हे काय हाय, सांगा बरं. भाईर कळलं तर पोरीचं लगीन व्हायचं न्हाई."

मला तर आयता वर्गच मिळाला. पाटीवर चित्र काढून सांगितलं, की पोटातल्या प्रत्येक बाळाला दुसऱ्या महिन्यात शेपूट असते. माझी होती, तुमचीही होती. गळ्यापाशी माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्याही असतात. घड्यांतून पुढे जबडा, कान तयार होतात. शेपूट जिरते, माकडहाड तेवढं उरतं. आपले पूर्वज शेपटीवाले होते, त्याची ती खूण. हिची जिरायची राहिली, एवढंच.

"मंग काडली तर चालतंय का?"

"त्यात हाड नाही. निकामी आहे ती."

म्हणता म्हणता शेपटीच्या मुळाशी एक खळगा दिसला, त्यावर केसांचा झुपका. पुस्तकात तसं काही नव्हतं. परभणीला डॉक्टरांना दाखवा, असं म्हणायला हवं होतं. पण मग माझा मान कुठे राहिला असता? मी पाटी पुसली.

आमच्याकडे मस, म्हणजे चामखीळ, घोड्याच्या केसाने बांधून पाडतात. मावशींनी टांगेवाल्याकडून केस आणला आणि शेपटीला गच्च गाठ मारली. रोज सकाळी ती थोडी आवळायची. शेपूट निळी पडली, मग काळी. खोलीत वास यायला लागला. हळदीचा वास आहे, असं मावशी म्हणायच्या, आणि मीही स्वतःला तेच सांगायचो. आधी बाळ फार रडायचं. सातव्या दिवशी रडणं कमी झालं, तशा मावशी खूश झाल्या.

बाळंतीण मात्र मला म्हणाली, "सर, ही पाय का हलवंना?"

मी बाळाच्या तळपायाला चिमटा काढून पाहिला.

बाळाचं अंग तापलं होतं. दुपारच्या गाडीने आम्ही परभणीला गेलो. डॉक्टरांनी बाळाला उपडं केलं आणि खळग्याभोवती बोटाने दाबून पाहिलं. मग म्हणाले, शेपटीचं मूळ कण्याच्या आत, थेट मज्जारज्जूपर्यंत गेलेलं आहे, आणि गाठीचा पू तिथवर पोचलाय. "जगेल. पण चालणार नाही. हा शहाणपणा कुणाचा?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आमी अडाणी मान्सं, सायेब. आमच्याच मनानं केलं."

डॉक्टर त्यांना नको नको ते बोलले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही मास्तर ना? या लोकांना जरा समजावत जा."

मी "हो" म्हणालो.