तुपाच्या वाटीची परीक्षा

गाडीचा एसी तपासायची तूपकाकांची पद्धत कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. काम संपलं की ते घरातून स्टीलची वाटी आणत. वाटीत नुकतंच पातळ केलेलं साजूक तूप. ती एसीच्या जाळीसमोर धरायची, काचा वर करायच्या आणि गप्प बसायचं. तूप थिजलं की गाडी पास. त्यांच्याकडे डिजिटल थर्मामीटर होता, पण "तो कंपनीचा आहे, तूप घरचं आहे," असं म्हणून ते त्याला डब्यातच ठेवत. एकदा एका युक्रेनियन शेतकऱ्याला वाटलं, हा काहीतरी प्रसादाचा प्रकार असावा. त्याने बोटाने वाटी चाटून पुसून साफ केली आणि मनापासून आभार मानले. काकांनी तीही गाडी पास केली.

काका मूळचे नागपूरचे, कॅनडातल्या एडमंटनला येऊन उभा जन्म गेलेला, इंजिनीअर म्हणून रिटायर झालेले. एडमंटनमध्ये गाडीचा एसी फार तर काही आठवडे लागतो. उरलेलं वर्ष इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेचा प्लग लावून ऊब द्यावी लागते. अशा गावात या माणसाने जुन्या गाड्यांच्या एसीचा छंद धरला होता. कोणी हसलं तर म्हणत, "थंडीला जॅकेट आहे बाप्पा. गरमीत काय चामडी काढून खुंटीला टांगू?"

माझी त्यांच्याशी ओळख अशाच एका उन्हाळ्यात झाली. पुण्याहून नवी आलेली मी तीन मालकांनी वापरून सोडलेली गाडी घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेवर उभी राहिले. एसीतून गरम हवा येत होती. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "पुण्याची ना तू? मग ही एक ते चार बंद राहत असेल." पुढची दहा वर्षं मी त्यांच्यासाठी "पुणेकर"च राहिले.

जुन्या गाड्यांत जो गॅस असे, तो ओझोनला खातो म्हणून बंद झाला. नवा गॅस भरायचा तर नुसता ओतून भागत नाही. जुना आधी यंत्राने टाकीत ओढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. मग तेल बदलायचं, रबरी रिंगा बदलायच्या, ओल शोषणारा डबा बदलायचा. त्यानंतर पाऊण तास पंप लावून आतली हवा काढायची आणि दाबाचा काटा हलतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते बघत बसायचं. या पाऊण तासात काका खुर्ची देत, चहा देत आणि कोणालाही जाऊ देत नसत. शेवटी बॉनेटखाली चिठ्ठी: कोणता गॅस, कोणतं तेल, कोणी भरलं, कधी भरलं. चिठ्ठीशिवाय बॉनेट बंद केलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या तगाद्यामुळेच मी एक दिवसाचा कोर्स करून गॅस हाताळायचं कार्डही काढलं.

सगळ्या गावाचा गॅस बदलणाऱ्या काकांनी स्वतःच्या तीस वर्षं जुन्या स्टेशन वॅगनला मात्र कधी पाना लावला नाही. "ओरिजिनल गॅस आहे. कंपनीतून आला तसा," हे ते छाती फुगवून सांगत. वाटीची परीक्षा त्या गाडीला माफ होती. काकू शेजारच्या सीटवर पदराने वारा घेत बसत. एकदा जुलैत देवळात जाताना त्यांना गाडीतच घेरी आली. काकांनी काच खाली केली, पाणी दिलं, आठवडाभर घरात हळू आवाजात बोलले. पण गाडी उघडली नाही. दुसऱ्याच्या गाडीत बिनधास्त चालणारा हात स्वतःच्या गाडीपाशी आखडता होई. काही बिघडलं तर त्या गाडीचा कंप्रेसर आता कुठे मिळणार नव्हता. भीती होती, तिला ते अभिमान म्हणत.

पुढच्या वसंतात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते हॉस्पिटलात असताना काकूंचा फोन आला. "पुणेकर, ये आणि बदल तो गॅस. त्यांना सांगायचं नाही."

कंप्रेसर गेला असता तर काकांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं, आणि त्या दाराशिवाय एडमंटनमध्ये माझं होतं कोण? तरी गेले. यंत्र लावलं, तर काटा जागचा हलेना. ज्या ओरिजिनल गॅसची इतकी मिरवणूक निघत होती, तो कधीच हळूहळू निघून गेला होता. काकू हसून हसून खुर्चीत बसल्या. मी सगळं शिस्तीत केलं. शेवटी चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. लावली तर चोरी उघडी, न लावावी तर हात ऐकेना. लावली, अगदी कोपऱ्यात.

काका घरी आले, जुलैत गाडी काढली, आणि थंडगार हवा आली. त्या उन्हाळ्यात त्यांनी मराठी मंडळाच्या पिकनिकला चक्क वाटी काढली. सगळ्यांसमोर तूप थिजलं. "बघा, ओरिजिनल गॅस! अजून कसा काम करून राहिला!" काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, मी काकूंकडे. फक्त एक झालं, त्यानंतर काकांनी मला त्या गाडीच्या बॉनेटला हात लावू दिला नाही.

मागच्या वर्षी ते दोघं व्हँकुव्हरला मुलीच्या कॉन्डोत राहायला गेले. जाताना काकांनी वॅगनची किल्ली माझ्या हातात ठेवली. काकूंना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही. काका तेवढे म्हणाले, "ऑइल चेक करत जा."

ते गेल्यावर मी बॉनेट उघडलं. कोपऱ्यात माझी चिठ्ठी होती. तिच्याखाली पेन्सिलने, काकांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: "तेल थोडं जास्त झालं. बाकी पास. मला कळलंय हे काकूला सांगू नको, तिला फार मजा येऊन राहिली." खाली तारीख होती, ते हॉस्पिटलातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

काकूंचा दर रविवारी फोन येतो. हसू दाबत विचारतात, "त्यांना अजून कळलं नाही ना गं?"

मी म्हणते, "नाही, काकू."