दुसरी खर्पुडी

झाड ओळखताना मामा डोळे मिटायचे. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र विभागाचे शिपाई. गाव पिशोर, शिक्षण सातवी. पान चिमटीत धरायचे, हलकेच चोळायचे आणि नाव सांगून मोकळे. प्राध्यापकांचं भिंग सापडेपर्यंत मामा चहा सांगून परत आलेले असत.

खर्पुडीच्या दोन जातींत तर भलेभले फसत. दोन्ही नाजूक वेली, दोघींना कंदिलासारखं फूल, दोघींचा जमिनीत कंद. फूल नसलं की जुळ्या बहिणीच. मामा सांगायचे, "ही जाड पानाची लई हाय. गुराखी कंद खातेत तरी सरत नाय. दुसरी फक्त आमच्या डोंगराच्या एका उतारावर. तिला हात लावायचा नाय, ताई." धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत पहिलीपुढे 'चिंता नाही' आणि दुसरीपुढे 'अतिसंकटग्रस्त' लिहितात, हे मी नंतर वाचलं.

एम.एस्सी.ला असताना त्यांनी मला तो उतार दाखवला. पुढे परीक्षेसाठी नमुने हवे होते. मुळांसकट नसले की गुण कापत. मी एकटीच एसटीने गेले. फुलं गळून गेली होती. उताराच्या कडेच्या वेली साध्या, पहिल्या जातीच्याच आहेत असं धरून चालले आणि एखादी तरी नीट वाळेल म्हणून तीन उपटल्या.

वाळत घातलेल्या नमुन्यांचे कागद बदलणं मामांचं काम. त्यांनी पान चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"कुठून आणल्या?"

मी सांगितलं.

"किती?"

"तीनच, मामा."

"पाच होत्या," म्हणाले आणि कागद होता तसा ठेवून गेले.

मला चांगले गुण मिळाले. मामा मात्र विभागाच्या झाडं बघायच्या सहलीला पुन्हा कधी आले नाहीत. "गुडघे दुखतेत," एवढंच सांगत. उतारावरच्या उरलेल्या दोन वेलींच्या जागी पुढच्या पावसाळ्यात नुसते खड्डे होते. मामांनी कंद काढून दुसरीकडे लावले, असं मामींकडून कळलं.

आता मी त्याच विभागात शिकवते. मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा पिशोरला गेले. कितीतरी वर्षं गिळलेला प्रश्न शेवटी विचारलाच.

"मामा, जगल्यात का त्या?"

"व्हय."

"कुठं आहेत? मी नुसती बघेन. हात नाही लावणार."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुमचा राग नाय, ताई. पण जागा नाय सांगणार."

आठवड्याभरात ते गेले. मामी म्हणतात, त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्या वेली आता कुणाच्या नांगराखाली येतील, कुणाच्या शेळ्या खातील, कुणाला पत्ता लागणार नाही. तरी मामांना ते परवडलं. मला जागा सांगणं मात्र त्यांना परवडलं नाही.